पेपर दिला तरी निकालात गैरहजर, तक्रार नक्की कुणाकडे करायची?

सहावं_सेम

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या. मी बीकॉम तिसऱ्या वर्षाला आहे. पाचव्या सेमची परीक्षा डिसेंबरात झाली, निकाल मार्चमध्ये लागला आणि कॉस्ट अकाउंटिंगपुढे चक्क एबी, म्हणजे गैरहजर. अहो मी पूर्ण तीन तास बसून पेपर लिहिलाय, वर पुरवणी घेतली, हजेरीपटावर सही केली, हॉलतिकिटावर सुपरवायझरची सही आहे. कॉलेजात गेले तर क्लार्क म्हणतात आम्ही गठ्ठे पाठवले, आता विद्यापीठात जा. विद्यापीठ आमच्या गावाहून एसटीने अडीच तास, तिथं खिडकीवरचे म्हणाले कॉलेजचं पत्र आणा. पत्र आणलं तर म्हणाले साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा. ठेवून आले, त्याला सहा आठवडे झाले. परवा फोन केला तर म्हणे असं कुठलं पत्रच नाही आमच्याकडे!

आता सहावं सेम तोंडावर आलंय आणि पुढच्या ॲडमिशनला सगळ्या सेमच्या मार्कशीट लागणार. कुणी म्हणतं ग्राहक मंचात जा, कुणी म्हणतं चार पोरं घेऊन गेटवर बस, बाबा म्हणतात गप पुन्हा पेपर दे. पण न केलेल्या चुकीसाठी मी एटीकेटीची, म्हणजे राहिलेला विषय पुन्हा द्यायची, फी का भरू? नक्की कुठं आणि कसा अर्ज करायचा, कुणी केलंय का?

एटीकेटी_सम्राट

क्लबात स्वागत आहे 😂 रिव्हॅलचा फॉर्म टाकून दे, आमच्या वेळी त्यातच सापडायचे मार्क.

निवृत्त_बाबू

सम्राट, चुकीचं सांगू नका. रिव्हॅल म्हणजे तपासलेला पेपर पुन्हा तपासणे. इथं सिस्टिममध्ये पेपरच आलेला नाही, मग तपासणार काय? फी जाईल आणि महिन्याभराने "उत्तरपत्रिका उपलब्ध नाही" असा मेसेज येईल.

बाळा, मी परीक्षा विभागात २६ वर्षं काढली (कुठल्या विद्यापीठात ते विचारू नकोस), तेव्हा आतली गोष्ट सांगतो. हा मार्कांचा वाद नाही, रेकॉर्डची चूक आहे आणि ती बहुतेक तीनच कारणांनी होते: बारकोडचं स्टिकर चुकीच्या जागी लागलं, हजेरीपट भरताना सीट नंबरची ओळ खालीवर झाली किंवा आख्खा गठ्ठा स्कॅनिंगला राहून गेला. त्यामुळे आधी एक काम कर, तुझ्या ब्लॉकमधल्या (म्हणजे परीक्षेच्या खोलीतल्या) मागच्या-पुढच्या सीट नंबरवाल्यांना विचार. त्यांनाही एबी असेल तर भानगड गठ्ठ्याची आहे, आणि गठ्ठा शोधणं एक पेपर शोधण्यापेक्षा सोपं असतं.

दुसरं, सहा आठवड्यांपूर्वी ठेवून आलीस म्हणतेस ते पत्र. आवक क्रमांक घेतलास का? नसणार. आवक-जावकच्या रजिस्टरला नोंद नाही तोवर सरकारी ऑफिसात तो कागद जन्मालाच आलेला नसतो. खिडकीवर कुणाच्या हातात कागद द्यायचाच नाही. दोन प्रती न्यायच्या, एक आवक विभागात द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा. ते नाही म्हणाले तर वाद घालत बसायचं नाही, खाली पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट करायचं आणि पोचल्याचा पुरावा काढून ठेवायचा.

अर्ज परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या नावे, प्रत कुलसचिवांना, प्रत प्राचार्यांना. एका पानात बसव. सीट नंबर, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी नंबर), विषय आणि पेपर कोड, तारीख, केंद्र, ब्लॉक नंबर, पुरवणी घेतली असशील तर तेही. हॉलतिकिटाची झेरॉक्स जोड, ओरिजिनल कुणालाही देऊ नकोस. "मला न्याय मिळावा" वगैरे लिहू नकोस, "हजेरीपट पडताळून निकाल दुरुस्त करून मिळावा" असं लिही, कारण फाईल ज्याच्या टेबलावर जाते त्याला नेमकं काय करायचं ते कळलं पाहिजे. न्याय द्यायचा अधिकार त्या बिचाऱ्याला नसतो.

सहावं_सेम

काका खरंच थँक्यू! आवक क्रमांक हा शब्दच आज कळला. वर्गाच्या ग्रुपवर विचारते आत्ताच.

काळा_कोट_नवा

ताई, मी गेल्या वर्षीच वकिलीची सनद घेतलीय. काकांनी सांगितलं ते पहिलं पाऊल, त्याने काम झालं तर उत्तमच. नाही झालं तर पुढचा रस्ता यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) विद्यार्थी तक्रार निवारण विनियम २०२३ मध्ये दिलाय. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावीच लागते, अध्यक्ष प्राध्यापक, सोबत चार सदस्य, आणि एक विद्यार्थी विशेष निमंत्रित म्हणून. वेबसाइटवर ऑनलाइन तक्रारीची सोयही असायला हवी. समितीने तक्रार मिळाल्यापासून कामाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. सुनावणीला तू स्वतः जाऊ शकतेस किंवा तुझ्या वतीने कुणाला पाठवू शकतेस. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील, आणि त्यांनी ३० दिवसांत निकाली काढायचं. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश, त्यांचा त्या विद्यापीठाशी हितसंबंध नसावा असं नियमातच आहे.

एक मेख आहे ती आधीच सांगते. नुसतं "मार्क कमी दिले, पुन्हा तपासा" असलं अपील लोकपाल घेत नाहीत, निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. तुझ्या केसमध्ये हजर विद्यार्थिनीला गैरहजर दाखवलंय, याहून ठोस काय हवं. म्हणून अर्जात मार्कांबद्दल चकार शब्द काढू नकोस.

ग्राहक मंचाचं विसर. परीक्षा घेणं ही ग्राहक कायद्यातली सेवा नाही हे सुप्रीम कोर्टाने २००९ च्या बिहार परीक्षा मंडळाच्या केसमध्ये स्पष्ट केलंय, तिथं फी आणि वेळ दोन्ही जातील.

खोचक_नगरकर

लोकपाल कागदावर असतात हो. जून २०२४ मध्ये यूजीसीनेच लोकपाल न नेमलेल्या १५७ विद्यापीठांची यादी जाहीर केली होती, ती वाचली का? मी तर म्हणतो गेटवर बसल्याशिवाय हलत नाहीत हे लोक.

काळा_कोट_नवा

वाचली ना. म्हणून तर अपील लेखी करायचं. लोकपाल नेमलेलेच नसतील तर तसं कुलसचिवांकडून लेखी मागायचं आणि यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार टाकायची. उद्या हायकोर्टात रिट याचिका करायची वेळ आली तर पहिला प्रश्न हाच येतो की आधी कुठं कुठं दाद मागितली. गेटवर बसल्याचा शिक्का मिळत नाही, आवकचा मिळतो 🙂 आणि हायकोर्ट म्हटलं की लगेच मुंबईला जायची गरज नसते, नागपूर आणि संभाजीनगरला खंडपीठं आहेत, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंचही बसतंय. वकिलाच्या फीचं म्हणशील तर महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

निवृत्त_बाबू

कोर्टाचं नंतर. त्याआधी माहितीचा अधिकार राहिलाच. अर्जाच्या दुसऱ्या दिवशीच टाक, वाट बघू नकोस. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, विषय एकच, आणि महाराष्ट्रात १५० शब्दांची मर्यादा आहे म्हणून रामायण नको. दोनच गोष्टी माग: अमुक दिवशीच्या अमुक ब्लॉकच्या हजेरीपटातल्या तुझ्या सीट नंबरच्या नोंदीची प्रत, आणि तुझ्या अर्जावर (आवक नंबर टाकून) आजवर काय कार्यवाही झाली त्याच्या टिपणीची प्रत. फक्त स्वतःच्याच नोंदीची मागायची. पूर्ण पट मागितलास की इतरांच्या सह्या आहेत, त्रयस्थाची माहिती, असं म्हणून फेटाळायला त्यांना आयतं कारण मिळतं (आम्ही पण असंच करायचो, खोटं कशाला बोलू). ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टँप.

काळा_कोट_नवा

+१. आणि उत्तरपत्रिका सापडली की तिची प्रतही यातूनच मागता येते, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच तसं सांगितलंय. पण त्याच निकालात हेही आहे की उत्तरपत्रिका जपून ठेवायची मुदत असेल तोवरच हा हक्क. मुदत संपली, रद्दीत गेली, की हक्क राहून उपयोग काय. म्हणून हातपाय लवकर हलव.

एटीकेटी_सम्राट

बाप रे, मी आठ वर्षांपूर्वी असाच एक एबी निमूटपणे पुन्हा दिला होता. फी पण भरली. आता वाचून जीव जळतोय.

सहावं_सेम

मंडळी, अपडेट. काका तुमच्या तोंडात साखर पडो, ग्रुपवर विचारलं तर आमच्या ब्लॉकमधल्या अजून ११ जणांना त्याच पेपरला एबी आहे! सगळे सीट नंबर ओळीने. आणि प्रत्येकजण गप्प बसलेला, म्हणे आम्हाला वाटलं फक्त आपलंच झालं. तिघांनी तर रिव्हॅलची फी पण भरून टाकलीय. आता सगळ्यांनी मिळून एकच निवेदन द्यावं की वेगवेगळं?

निवृत्त_बाबू

दोन्ही. बाराही जणांचा स्वतंत्र अर्ज, कारण निकाल सीट नंबरवर दुरुस्त होतो आणि एकत्र निवेदनात एखाद्याचा नंबर चुकला की बाराही अडकतात. वर एक सामूहिक पत्र, त्यात नुसता तक्ता: नाव, सीट नंबर, सही. ते प्राचार्यांच्या सहीशिक्क्याने पुढे पाठवायला लावा. ज्युनिअर सुपरवायझरचा त्या दिवशीचा रिपोर्ट केंद्रावर असतो, त्यात किती हजर, किती गैरहजर हा आकडा असतो. तो आणि निकालातला आकडा शेजारी शेजारी ठेवला की कुणाला नाही म्हणता येत नाही.

सहावं_सेम

आज जाऊन आलो सगळे, एसटीत आमचीच गर्दी. प्राचार्यांनी आधी जरा का-कू केलं, पण सुपरवायझरचा रिपोर्ट काढला तर त्यात हजर ३०, गैरहजर शून्य. मग त्यांनी स्वतःच फोन लावला. विद्यापीठात आवक विभागातल्या मॅडम म्हणाल्या एवढे कागद, नुसती एका पत्रावर पोच देते. आम्ही म्हटलं मॅडम, आम्ही थांबतो, आज वेळच वेळ आहे. बारा शिक्के, बारा नंबर. माझा शेवटून दुसरा. माहिती अधिकाराचे अर्जही तिथंच दिले, स्टँप कमी पडले म्हणून दोघांचे उद्या जातील.

तिथले एक साहेब हळूच म्हणाले, गठ्ठा दुसऱ्या विषयाच्या कपाटात असू शकतो, सोमवारी बघतो. माहिती अधिकाराचे ३० दिवस मोजायला सुरुवात केलीय, कॅलेंडरवर लाल पेनाने. काही झालं की इथेच लिहीन.

खोचक_नगरकर

सोमवार कुठला ते विचारलं का? 😄