रुग्णसेवेचा दर्जा परिचारिकांमुळे नेमका कशात सुधारतो, आणि तो तपासावा कसा?

रामबागकर (प्रश्न)

सर्वांना सप्रेम नमस्कार. इंदूरमधील एका धर्मादाय रुग्णालयाच्या गुणवत्ता समितीवर मला नुकतेच घेण्यात आले आहे. मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. बँकेच्या लेखापरीक्षण विभागातून निवृत्त झालो आहे. पहिल्याच बैठकीत रुग्णांच्या अभिप्रायाचा फॉर्म समोर आला. त्यात परिचारिकांविषयी दोनच प्रश्न आहेत: सिस्टरांची वागणूक कशी होती, आणि बेल दाबल्यावर त्या किती वेळात आल्या. या दोन उत्तरांच्या सरासरीवरून नर्सिंग विभागाला वर्षअखेरीस गुण दिले जातात.

सौजन्य हवेच, याबद्दल दुमत नाही. परंतु ज्या रुग्णाला शय्याव्रण (अंथरुणाला खिळून होणारी जखम) झाला नाही, ज्याला चुकीचे इंजेक्शन मिळता मिळता राहिले, किंवा ज्याची बिघडत चाललेली प्रकृती रात्री दोन वाजता कोणाच्या तरी लक्षात आली, त्याला आपल्यावरचे काय टळले हे बहुधा कळतही नाही. मग त्याची नोंद या फॉर्मवर कशी येणार? परिचारिकांच्या कोणत्या कामामुळे रुग्णाचा प्रत्यक्ष फायदा होतो, आणि माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाने ते कशावरून पाहावे, हे या क्षेत्रातील मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त मेट्रन, सुदामानगर

रामबागकर, आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले. आपण शय्याव्रणाचा उल्लेख केलात, म्हणून तिथूनच आरंभ करते, कारण वॉर्डातील नर्सिंग कसे चालते हे रुग्णाच्या पाठीइतके दुसरे काहीही स्पष्ट सांगत नाही.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे वजन माकडहाड, टाचा, खुबे अशा थोड्या जागांवर तासन्‌तास पडून राहते, तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि कातडी आतून मरू लागते. पहिली खूण म्हणजे लाली. बोटाने दाबल्यावर ती क्षणभर पांढरी पडली तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिली तर नुकसान सुरू झाले आहे. ही लाली डॉक्टरांच्या राउंडमध्ये सहसा दिसत नाही, कारण राउंडला रुग्ण उताणा झोपलेला असतो. ती दिसते स्पंजिंग करताना आणि चादर बदलताना, म्हणजे सिस्टरलाच. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली उशी ठेवणे, ओली चादर लगेच काढणे, पोटात प्रथिने जातात की नाही यावर लक्ष ठेवणे, ही सगळी कामे दिसायला किरकोळ आहेत. मात्र ती रात्रपाळीतही तितक्याच निगुतीने व्हावी लागतात. पूर्वी पाठीला स्पिरिट आणि पावडर लावून चोळण्याची पद्धत होती. लाल झालेल्या जागेवर चोळू नये, असे आता शिकवले जाते. एअर मॅट्रेस घातली म्हणजे कूस बदलायला नको, हा समज मात्र अजून गेलेला नाही, आणि तो फार घातक आहे.

कोणाला धोका अधिक आहे हे ठरवण्यासाठी ब्रेडन स्केल वापरतात. संवेदना, ओलावा, हालचाल, आहार अशा सहा बाबींना गुण देऊन ६ ते २३ यांमध्ये बेरीज येते आणि १८ किंवा त्याहून कमी आली तर रुग्णाला धोका आहे असे धरतात. आपल्या समितीने एवढेच विचारावे की ही बेरीज दाखल करताना काढली जाते का, आणि कमी आली तर पुढे त्या रुग्णासाठी वेगळे काय केले जाते.

या संदर्भात मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या, तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांचे २०१५ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे जवळपास बेचाळीस वर्षे, परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. २०११ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेची मुद्दाम दखल घेतली आणि इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाला नाही, ही बाब त्यात नमूद आहे. ज्यांनी अंथरुणावरचा रुग्ण चार महिने जरी सांभाळला असेल, त्यांना या एका वाक्यामागचे कष्ट समजतील.

आयसीयू इनचार्ज

मेट्रनबाईंना नमस्कार. मी दुसरी बाजू मांडते: प्रकृती बिघडते आहे हे वेळेवर ओळखणे.

रामबागकरकाका, आपण कोणत्याही जनरल वॉर्डात जाऊन दहा रुग्णांचे चार्ट उघडा आणि श्वसनाच्या गतीचा रकाना पाहा. दहाही ठिकाणी १८ किंवा २० लिहिलेले असेल, तर श्वास कोणी मोजलेलाच नाही असे खुशाल समजा. नाडी आणि ऑक्सिजन यंत्र दाखवते, बीपीही यंत्र दाखवते. श्वास मात्र छातीकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो. आणि प्रकृती ढासळू लागली की अनेकदा सर्वांत आधी बदलते ती हीच गती.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये यासाठी गुणांची एक पद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. समजा, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी रुग्णाचा श्वास २४, नाडी ११२, ऑक्सिजन ९५, वरचे बीपी १०८ आणि ताप १०१ आहे. तो शुद्धीवर आहे आणि बोलतोही आहे. एकेक आकडा पाहिला तर कोणी घाबरणार नाही. या पद्धतीत मात्र श्वासाचे २, नाडीचे २, आणि ऑक्सिजन, बीपी व ताप यांचा प्रत्येकी १ असे एकूण ७ गुण होतात, आणि ७ म्हणजे डॉक्टरांना तातडीने बोलवा. रात्री ड्यूटीवर असलेल्या नव्या सिस्टरला अशा बेरजेचा मोठा आधार असतो, कारण तिला ‘रुग्ण बरा वाटत नाही’ एवढेच सांगावे लागत नाही.

सांगण्याचीही शिस्त असते. रुग्णाचे सध्या काय झाले आहे, आधीचे काय, माझ्या मते काय बिघडले आहे आणि तुमच्याकडून मला काय हवे आहे, या क्रमाने फोनवर बोलायचे. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आलेली ही ‘एसबार’ पद्धत आम्ही शिकवतो, तेव्हा मुलींना शेवटचा भाग सर्वांत जड जातो. ‘सर, आपण आता येऊन पाहावे’ हे वाक्य उच्चारायला त्या कचरतात.

शल्यचिकित्सक, इंदूर

शेवटच्या वाक्यावर मला बोलावेसे वाटते, कारण तो संकोच आम्हा डॉक्टरांमुळे निर्माण होतो. रात्री फोन केल्याबद्दल एकदा जरी खेकसले, तरी ती सिस्टर पुढच्या वेळी फोन करण्याआधी दहा वेळा विचार करते, आणि तेवढ्यात रुग्णाचा मोलाचा वेळ निघून जातो.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात शंभराहून अधिक आयसीयूंमध्ये झालेला एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे रक्तात होणारा जंतुसंसर्ग कमी करायचा होता. उपाय साधे होते: हात धुणे, रुग्णाला पूर्ण निर्जंतुक चादरीने झाकणे, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. डॉक्टरांना हे सगळे ठाऊकच होते. खरा फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने: यातील एखादी पायरी चुकली, तर तातडीचा प्रसंग वगळता डॉक्टरला तिथल्या तिथे थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला देण्यात आला. दर हजार नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी असली की एक नळी-दिवस) २.७ असलेला संसर्गाचा मध्यक दर, म्हणजे सगळे दर चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा दर, तीन महिन्यांत शून्यावर आला. परिचारिकेला अधिकार न देता फक्त यादी भिंतीवर लावली असती, तर असे झाले असते असे मला वाटत नाही.

आपल्या समितीने हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा: तुम्हाला सिस्टर थांबवू शकते का, आणि तिने थांबवले तर व्यवस्थापन कोणाच्या बाजूने उभे राहते?

निमाडची लेक

मी रुग्णालयात काम करत नाही. खरगोणच्या मामांबरोबर अटेंडर म्हणून राहिले होते, त्यावरून एक मुद्दा मांडते. मामांना इन्सुलिन सुरू झाले आणि घरी ते मामींनी टोचायचे होते. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी सिस्टरने मामींच्या हातात सिरिंज दिली, कुपीतून औषध ओढून दाखवायला सांगितले आणि त्यांनी बुडबुडा काढेपर्यंत ती शेजारी उभी राहिली. सिस्टर केरळची होती आणि मामींना निमाडीच नीट समजते, म्हणून तिने वॉर्डातल्या बडवानीच्या आयाबाईंना मध्ये घेतले. ‘समजले का?’ असे तिने एकदाही विचारले नाही. प्रत्येक वेळी ‘करून दाखवा’ एवढेच म्हणाली.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिने लाल टोपीची सिरिंज वेगळी काढून दाखवली. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा ४० युनिटचे असते आणि त्याला लाल टोपीचीच सिरिंज लागते. १०० युनिटच्या इन्सुलिनसाठीची नारिंगी टोपीची असते. लाल सिरिंजमध्ये चुकून १०० युनिटचे औषध भरले, तर दहाच्या खुणेला पंचवीस युनिट पोटात जातात आणि साखर धोकादायक उतरू शकते. औषधाच्या दुकानात हे कोणी सांगितले नव्हते. उन्हाळ्यात खरगोणला वीज गेली तर कुपी पिशवीत गुंडाळून कोऱ्या मातीच्या मडक्यात, पाण्यापासून दूर कशी ठेवायची, हेही तिनेच सांगितले. हा दर्जा आपल्या फॉर्ममध्ये कुठे मोजला जाईल?

वॉर्ड सिस्टर

वरील सर्वांचे म्हणणे मला मान्य आहे, तरीही एक गोष्ट स्पष्टपणे लिहिते. मी पूर्वी ज्या रुग्णालयात होते, तिथे मानांकनाची तपासणी जवळ आली की नवी रजिस्टरे येत, माणसे मात्र येत नसत. रात्री एका सिस्टरकडे संपूर्ण वॉर्ड असे आणि कूस बदलल्याचा चार्ट पहाटे एकाच पेनाने, एकाच हाताने, सलग भरला जाई. त्या मुली कामचुकार नव्हत्या. इतके रुग्ण सांभाळून दर दोन तासांनी प्रत्येकाला वळवणे आणि वर ते लिहिणे एका माणसाच्याने शक्यच नव्हते.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा संशोधक लिंडा एकेन यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेमागे रुग्णांची संख्या एकाने वाढली की शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा दाखल झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली त्यात दिसली. म्हणून रामबागकरसाहेब, समितीत सर्वांत आधी रात्रपाळीचा ड्यूटी रोस्टर मागवा. दिवसाचा नको, रात्रीचा आणि रविवारचा.

शिक्षणाचाही प्रश्न आहेच. आपल्या मध्य प्रदेशातील नर्सिंग महाविद्यालयांची उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयला तपासणी करावी लागली, हे आपण सर्वांनी वाचले आहे. ज्या मुलीला शिकताना पुरेसे रुग्णच पाहायला मिळाले नाहीत, तिला नोकरीच्या पहिल्या वर्षी अनुभवी सिस्टरबरोबर ठेवणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे. तिला दुसऱ्याच आठवड्यात एकटीला रात्रपाळी देणे हा तिच्यावरही अन्याय आहे आणि रुग्णावरही.

रामबागकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. रात्रीचा रोस्टर मी मागवला आहे. आकड्यांबद्दल एक शंका आहे: दोन वॉर्डांतील शय्याव्रणांची तुलना करायची तर नुसती संख्या पाहणे बरोबर होणार नाही, असे माझे लेखापरीक्षकाचे मन सांगते. शिवाय नोंदी प्रामाणिक ठेवायला सांगितल्या आणि आकडा वाढला, तर त्याचा अर्थ काय लावायचा?

निवृत्त मेट्रन, सुदामानगर

आपली शंका रास्त आहे. यासाठी रुग्ण-दिवस धरतात. एका वॉर्डात महिनाभर, म्हणजे ३० दिवस, रोज ४० रुग्ण असतील तर १२०० रुग्ण-दिवस झाले. त्या महिन्यात ३ नवे शय्याव्रण झाले असतील, तर दर हजार रुग्ण-दिवसांमागे २.५ हा दर येतो. रुग्ण पडण्याच्या घटनांनाही हीच रीत लावावी. लघवीच्या नळीच्या संसर्गासाठी मात्र नळी असलेले दिवसच मोजावेत, आणि ‘ही नळी आज अजून हवी आहे का?’ हे सिस्टरने रोज विचारले की ते दिवस आपोआप कमी होऊ लागतात.

नोंदी प्रामाणिक झाल्या की पहिले काही महिने आकडा वाढणारच. जे आधीही घडत होते ते आता कागदावर येऊ लागले, असा त्याचा अर्थ घ्यावा. या काळात एकाही सिस्टरला कारणे दाखवा नोटीस दिली जाणार नाही, असा ठराव समितीने लेखी करून घ्यावा. तो नसेल तर दुसऱ्या महिन्यापासून सगळीकडे शून्य दिसू लागेल आणि आपल्याला काहीच कळणार नाही.

आणखी एक खबरदारी घ्यावी. दर काढताना दाखल झाल्यानंतर झालेलेच व्रण मोजायचे असतात. धार किंवा झाबुआकडून आलेला पक्षाघाताचा रुग्ण अनेकदा घरूनच जखम घेऊन येतो, म्हणून दाखल झाल्यापासून चोवीस तासांच्या आत त्याला पूर्ण वळवून पाठ, खुबे आणि टाचा पाहाव्यात, आणि जे दिसेल ते मापासह, तारीख-वेळ घालून लिहावे. त्या नोंदीखाली सिस्टरच्या सहीबरोबर अटेंडरचीही सही घ्यावी.