सुईण, दाई की प्रसाविका?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा): उपकेंद्रासाठी माहितीपत्रक लिहिते आहे. 'मिडवाइफरी केअर'ला 'प्रसूती सेवा' लिहिलं, पण मन मानत नाही. प्रसूती सेवा डॉक्टरही देतात. मिडवाइफचं वेगळेपण कोणत्या शब्दात येईल? आमच्याकडे दाई म्हणतात, पण दाई म्हटलं की लोकांना न शिकलेली म्हातारी आठवते.

उत्तर: 'मिडवाइफ'मधला 'मिड' म्हणजे मधला नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'सोबत', आणि 'वाइफ' म्हणजे नुसती बाई. बाईसोबत असणारी, ती मिडवाइफ. आपल्या 'सुईण'चाही सुईदोऱ्याशी संबंध नाही, ती सूती-प्रसूतीच्या कुळातली. 'दाई' फारसीतून आली. तिथे दाया म्हणजे दूध पाजणारी. सरकारी कागदावर एएनएमला 'सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका' म्हणतात. प्रसाविका म्हणजे प्रसव करवणारी, आणि माझा आक्षेप नेमका इथेच आहे. गावात आपण म्हणतो, 'सून मोकळी झाली.' म्हणजे जे केलं ते सुनेनं. 'प्रसाविका' म्हटलं की ते तिच्या हातून जातं. मी 'सुईण' लिहीन.

एक एएनएम (मेळघाट): मला हे पटलं. कळा सुरू झालेल्या पोरीला मी उताणी निजवत नाही. खाटेचा काठ धरून उभी राहू देते, कंबर चोळते, दर अर्ध्या तासानं बाळाचे ठोके ऐकून पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याच्या तक्त्यावर, मांडते. परवा एक सासू म्हणाली, "सिस्टर, तुमी त काईच करून नाही रायल्या!" तेव्हा माझा हात तिच्या सुनेच्या पोटावर होता, कळ किती वेळ टिकते ते मोजत होता. बाळ आलं की मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन, म्हणजे रक्तस्रावाचा धोका कमी होतो. वार पडल्यावरही मी बाईजवळून हलत नाही. ठोके बिघडले किंवा अंगावरून जास्त गेलं, तर लगेच १०८. कुठवर थांबायचं आणि कधी पाठवायचं, हे कळायलाच शिक्षण लागतं. केंद्र सरकारनं २०१८ साली मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात नर्सेससाठी १८ महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण आहे. तुमच्या पत्रकात हे नक्की घाला.

पुन्हा प्रश्नकर्ती: मथळ्यात 'सुईणसेवा' ठेवते. पण आमच्या बाया 'सुईण' वाचतील, बोलतील मात्र दाईच. म्हणून आत 'शिकलेली दाई' लिहिते आहे, गरोदरपणापासून बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांपर्यंत सोबत राहणारी. चालेल ना?