कुड्याचं तेल खवट का होतं?

सोरायसिसवर (त्वचेवर खपल्यांचे चट्टे उठण्याचा आजार) लावायला ऐन पावसाळ्यात ठाण्यात केलेलं कुड्याच्या पानांचं तेल आठ दिवसांत खवट झालं, यायला हवा तो जांभळा रंगही आला नाही, अशी एकाची तक्रार आहे. दोन्ही पावसाळ्यामुळेच. पानांतलं पाणी तेलात राहिलं आणि ऊन मिळालं नाही. हे तेल मार्च-एप्रिलमध्येच करावं.

आधी झाड तपासा. हवा तो काळा कुडा. त्याच्या जोडशेंगा टोकाशी चिकटलेल्या असतात, पांढऱ्या कुड्याच्या सुट्या. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातून पानं तोडू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे. रोपवाटिकेतून रोप आणा.

पानं धुऊन फडक्याने पूर्ण कोरडी करा, हाताने फाडा. १०० ग्रॅम पानांना १०० ग्रॅम खोबरेल, काचेच्या बरणीत, सात दिवस कडक उन्हात. पानं तेलाबाहेर डोकावली की तिथेच बुरशी धरते. मग गाळा.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस थांबा. चिरलेल्या, रक्त येणाऱ्या त्वचेवर नको. खपल्या नखाने काढू नका, जखमेच्या जागी नवा चट्टा उठू शकतो.

बावची या वनस्पतीच्या बियांचं तेल मात्र यात मिसळू नकाच, उन्हात त्वचा भाजते. आणि डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड एकदम बंद करू नका, सोरायसिस उसळतो.