पशुपोषणात पीएच.डी.चे मार्गदर्शक निवडताना सायटेशनचा आकडा किती धरावा?

प्रश्न – पदव्युत्तर विद्यार्थिनी, नागपूर

नमस्कार. माझे पशुपोषणातील एम.व्ही.एस्सी. पूर्ण होत आले असून पीएच.डी.साठी मार्गदर्शक ठरवायचे आहेत. दुधाळ गाईंच्या आहारावर काम करणारे दोन संशोधक माझ्यासमोर आहेत. गूगल स्कॉलरवर एकांचा एच-इंडेक्स (सायटेशन, म्हणजे इतरांनी दिलेले संदर्भ, यांवरून काढलेला आकडा) 21 आहे आणि दुसऱ्यांचा 9. मात्र पहिल्यांचेच नाव स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीवर पाहिले, तर तो 12 भरतो. एकाच माणसाच्या कामाचे दोन आकडे कसे असू शकतात, आणि मला गोठ्यात प्रत्यक्ष गाईंवर प्रयोग करायचे असतील तर या आकड्यांना किती महत्त्व द्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1 – निवृत्त ग्रंथपाल

ताई, दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. एच-इंडेक्स 12 म्हणजे त्या संशोधकाच्या किमान 12 शोधनिबंधांना प्रत्येकी किमान 12 वेळा संदर्भ मिळालेला आहे. हे माप भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी 2005 मध्ये मांडले. स्कोपस केवळ निवडक नियतकालिके, ग्रंथ व परिषदांचे वृत्तांत मोजते, तर गूगल स्कॉलर प्रबंध, परिषदांच्या पुस्तिका, संस्थांचे अहवाल असे जे जे सापडेल ते मोजते, म्हणून तेथील आकडा बहुधा मोठाच दिसतो.

नावाचा घोळही तपासावा. आपल्याकडे कोणी आडनाव आधी लिहितो, कोणी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर गाळतो, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे निम्मे काम दुसऱ्याच नोंदीत पडून राहते. उलट, सारख्या नावाच्या दोन माणसांचे काम एकाच खात्यात जमा झालेलेही मी पाहिले आहे. संशोधकाचा ऑर्किड, म्हणजे ओळख पटवणारा सोळा अंकी क्रमांक असेल, तर त्यावरून यादी जुळवून घ्या.

उत्तर 2 – पशुपोषणात पीएच.डी. केलेला सदस्य

ग्रंथपाल सरांनी मोजणीविषयी सांगितले. मी या विषयाच्या स्वभावाविषयी लिहितो, कारण माझ्या मते खरा फरक तिथे पडतो. कोटीपोटातील (गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील) द्रव काढून प्रयोगशाळेत चाऱ्याच्या नमुन्यावर 24 तास वायूनिर्मिती मोजता येते, आणि अशा कामातून वर्षाला दोन-तीन निबंध सहज निघू शकतात. दुभत्या गाईंवरचा प्रयोग तसा नसतो. चार गाई, चार प्रकारची खाद्ये आणि प्रत्येकी 21 दिवसांचे चार कालखंड अशी लॅटिन स्क्वेअरची (प्रत्येक गाईला दर कालखंडात वेगळे खाद्य देण्याची) साधी मांडणी घेतली, तरी 84 दिवस रोज खाद्य व उरलेले वैरण तोलावे लागते, दूध मोजावे लागते, शेण गोळा करावे लागते. मधेच एखादी गाय आजारी पडली किंवा आटली, की मांडणी विस्कटते. त्यामुळे गाईंवर काम करणाऱ्याची यादी आखूड असणे स्वाभाविक आहे.

दुसरे असे की, कोणत्या निबंधाला संदर्भ मिळतात तेही पाहावे लागते. व्हॅन सोएस्ट, रॉबर्टसन आणि लुईस यांनी 1991 मध्ये जर्नल ऑफ डेअरी सायन्समध्ये चाऱ्यातील तंतू मोजण्याच्या पद्धतींवर निबंध लिहिला. आजही चाऱ्याचे पृथक्करण करणारे असंख्य संशोधक त्याचा संदर्भ देतात, कारण ती मोजण्याची पद्धत आहे. आढावा घेणाऱ्या लेखांनाही असेच भरपूर संदर्भ मिळतात. याने त्या कामाची योग्यता कमी होत नाही, पण एखाद्या संशोधकाचे बहुतेक सायटेशन अशाच दोन-चार लेखांतून आलेले असतील, तर गोठ्यातील प्रयोगाचे मार्गदर्शन ते कसे करतील याचा अंदाज त्या आकड्यावरून बांधता येत नाही.

आपण दोघांचे पाच-पाच निबंध काढावेत आणि आधी केवळ साहित्य व पद्धती हा भाग वाचावा. किती जनावरे, किती दिवस, खाद्यात काय, नियंत्रण गट होता का, शुष्क पदार्थाचे (पाणी वगळून उरणाऱ्या खाद्याचे) सेवन मोजले की अंदाजाने धरले? पहिले लेखक त्यांचेच विद्यार्थी आहेत का, हेही पाहा. विद्यार्थ्याला पुढे करणारा मार्गदर्शक लेखकांच्या क्रमावरून ओळखता येतो. जुने प्रबंध कृषिकोश या कृषी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर मिळतील.

उत्तर 3 – गोपालक, काटोल तालुका

मी संशोधक नाही, परंतु एक गोष्ट सुचते. आमच्याकडे गाईला सोयाबीन आणि तुरीचे कुटार, सरकीची ढेप आणि ज्वारीचा कडबा असतो. सोयाबीनच्या कुटारावर किंवा गवळाऊ या आमच्याकडच्या देशी गाईवर केलेल्या प्रयोगाचा संदर्भ परदेशातला अभ्यासक कशाला देईल? मका-मुरघास आणि होल्स्टीन गाईंवरच्या कामाचा वाचक जगभर आहे. आमच्या वैरणीवरच्या कामाचा वाचक मुख्यतः वर्धा-नागपूरच्या पट्ट्यात आहे. तेव्हा 9 आकडा असलेल्या सरांनी ते 9 कशावर मिळवले, हे अवश्य पाहावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. दुसऱ्या सरांचे निबंध आज काढले. त्यांतील तीन सरकी ढेपेवर आणि कुटारावर असून तिन्हींत दुभत्या गाई आहेत. तिन्हींचे पहिले लेखक त्यांचे विद्यार्थी आहेत. पहिल्या सरांचे अजून दोनच वाचून झाले आहेत, उरलेले तीन वाचल्याशिवाय ठरवणे त्यांच्यावर अन्याय होईल.