मदत हवी आहे: बाहत्तरचा दुष्काळ, एपिजेनेटिक्स आणि बाबांचा हार्ट अटॅक

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय.

दोन महिन्यांपूर्वी बाबांना अटॅक आला. एक स्टेंट बसवलाय, आता घरी आहेत. शुगर नाही, अंगानं काटकुळे, पण बिडी पंचवीस वर्षं. जन्म मार्च 1973 चा. म्हणजे आजी पोटुशी होती तेव्हा दुष्काळ ऐन भरात. दिवसभर खडी फोडायची आणि पोटात मिलोची भाकरी नाहीतर सुकडी.

भावानं कुठंतरी वाचून आजीसमोरच सांगितलं की आईची उपासमार बाळाच्या जनुकांवर खुणा सोडते (यालाच म्हणे एपिजेनेटिक्स म्हणतात) आणि त्यातून हृदयरोग होतो. तेव्हापासून आजीचं एकच, "माझ्यामुळंच पोराचं काळीज कच्चं राहिलं." अर्धी भाकरी टाकून उठते. (भावाला बोलायचं ते बोलून झालंय.)

यात खरं किती? आणि एक लॅब 'एपिजेनेटिक टेस्ट' करा म्हणून मागं लागलीय. आम्ही दोघा भावांनी करावी का?

प्रतिसाद १
सोलापूरकर म्हणजे जेकार्ड, भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून नक्षी विणणारा माग, पाहिला असेलच. सूत तेच, पत्त्यावर भोक असेल तो धागा उचलला जातो, नसेल तो खालीच राहतो. भाऊ म्हणतो त्या खुणांपैकी एक, डीएनएला मिथाइल (छोटा रासायनिक तुकडा) चिकटणं, म्हणजे बऱ्याचदा त्या भोकावर पट्टी लावणं. जनुक जागेवरच असतं, वाचलं जात नाही.

भावानं वाचलं ते बहुधा नेदरलँड्समधल्या 1944-45 च्या उपासमारीबद्दल. त्या हिवाळ्यात गर्भ राहिलेल्यांच्या आयजीएफ२ जनुकावर साठेक वर्षांनंतरही त्यांच्या भावंडांपेक्षा कमी मिथाइल आढळलं. अशा लोकांत हृदयरोगही जास्त दिसला. पण त्या खुणेमुळंच तो झाला, हे सिद्ध नाही. आणि हा हिशेब गटाचा; एका माणसाच्या अटॅकचं खापर त्यावर फोडता येत नाही.

बिडीचं मात्र बघा. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात एएचआरआर जनुकावरचं मिथाइल घटतं आणि सोडल्यावर काही वर्षांत बरंचसं परत येतं. तुमच्या हातात आहे ते हे.

टेस्टचे पैसे वाचवा, तिच्यावरून बाबांची औषधं बदलणार नाहीत. तुम्ही दोघं बीपी, शुगर, लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) करा आणि एकदा लायपोप्रोटीन ए (रक्तात कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण). ते खरोखर वारशानं येतं. खुणांचं म्हणाल तर त्यातल्या बहुतेक पुढच्या पिढीत गर्भधारणेनंतर पुसून नव्यानं लिहिल्या जातात.

धागाकर्ता
आभार. आजीला जेकार्डवरून लगेच कळलं, मागावर कांड्या भरायची ती. आता बाबांची खैर नाही: "दुष्काळात तुला बिडी कुणी पाजली होती रे?"