आखातातल्या स्वयंपाकघरातील नोकरी: बोलणे काय झाले आणि कागदावर काय होते?

माझा भाचा रत्नागिरीतील एका हॉटेलात तीन वर्षांपासून चायनीज विभाग सांभाळतो आहे आणि आता त्याला दुबईहून बोलावणे आले आहे. "मामा, तुम्ही अकरा वर्षे तिकडे होता, जाऊ का?" असे त्याने विचारले, तेव्हा आपले उत्तर एकाच स्वयंपाकघरापुरते आहे हे मला जाणवले. म्हणून आखातात काम केलेल्या आपण सर्वांनी या धाग्यावर, कुठून कुठे गेलात ते मथळ्यात देऊन, आपापला अनुभव लिहावा, अशी विनंती आहे. पगाराचा आकडा सगळेच सांगतात. नोकरी कोणामार्फत मिळाली, व्हिसावर कोणता पेशा लिहिला होता आणि प्रत्यक्षात हाती काय आले, हे कळले तर त्याला उपयोग होईल.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. २००८ साली मी दुबईच्या 'बर दुबई' भागात कुक म्हणून रुजू झालो, पण मालकाकडे सफाई कामगारांचेच व्हिसे शिल्लक असल्याने माझ्या कागदांवर तोच पेशा पडला. तीन वर्षे काही बिघडले नाही. मोठ्या हॉटेलात मुलाखत झाली तेव्हा मात्र हातचे काम पसंत पडूनही "तुमचा अनुभव कागदावर कुठे आहे?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि वयाच्या तिसाव्या वर्षी मला कॉमी थ्री, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीचा स्वयंपाकी म्हणून कांदे सोलण्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागली.

चिपळूणहून दुबईला, एजंटमार्फत

माझी ट्रायल मुंबईत झाली. शेफने अख्खी कोंबडी समोर ठेवून तिचे बारा सारखे तुकडे करायला सांगितले, मग बटाटे सोलायला दिले. आणि बटाट्यांकडे न पाहता त्यांनी सालींचा डबा उघडून साल किती जाड निघाली आहे ते पाहिले. पास झालो. एजंटने १ लाख १० हजार रुपये घेतले आणि पावती दिली नाही. परवानाधारक एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येतात, आणि त्याचा परवाना भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो, हे मला तिथे पोहोचल्यावर खोलीतल्या एका केरळी सोबत्याने सांगितले.

भाच्याला आणखी एक सांगावे. मला १,८०० दिरहम सांगितले होते आणि तेवढे मिळतही होते, पण करारात मूळ वेतन फक्त ८०० होते व बाकीचे भत्ते होते. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिली पाच वर्षे दरसाल २१ दिवसांच्या मूळ वेतनाप्रमाणे मोजतात. चार वर्षांनंतर माझ्या हाती २,२४० दिरहम पडले. संपूर्ण पगार मूळ वेतन म्हणून लिहिला असता तर ५,०४० पडले असते. सही करताना मी शेवटचा आकडा तेवढा पाहिला होता.

राजापूर तालुक्यातून कुवेतला, मामूंच्या ओळखीने

आमच्या गावात घरटी एक माणूस कुवेतला आहे, त्यामुळे एजंट हा प्रकार मला ठाऊकच नव्हता. मामूंनी आझाद व्हिसा मिळवून दिला, म्हणजे कफील (ज्याच्या नावावर व्हिसा निघतो तो मालक) एक आणि काम भलतीकडेच. कफीलला दरवर्षी पैसे द्यायचे आणि बाहेर स्वतः नोकरी शोधायची, अशी ती पद्धत आहे. कायद्याला ती मुळीच मान्य नाही आणि तपासणीत सापडलेल्याला थेट मायदेशी पाठवतात. मी दोन वर्षे त्या धास्तीत काढली. ड्युटी ब्रेकची होती, सकाळी ११ ते ४ आणि संध्याकाळी ६ ते रात्री १२. खोलीवर जाऊन येण्यातच मधले दोन तास संपत, म्हणून मी कोठारात तांदळाच्या गोण्यांवर आडवा होत असे. मामूंना मी दोष देत नाही, त्यांनाही दुसरा मार्ग माहीत नव्हता. नंतर त्याच हॉटेलच्या मालकाने कलम १८ खाली, म्हणजे खासगी नोकरीसाठीच्या कलमाखाली, माझा इकामा (निवास परवाना) स्वतःच्या नावावर करून घेतला, तेव्हा कुठे मी सिव्हिल आयडी (तिथले ओळखपत्र) खिशात घालून निर्धास्तपणे बाजारात फिरू लागलो.

दादरच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेतून दोहाला

माझा अनुभव वरच्यांपेक्षा सोपा आहे, हे आधीच मान्य करते. हॉटेलने थेट निवड केली. बोटांचे ठसे, वैद्यकीय तपासणी आणि करारावरील सही हे सारे मुंबईतील कतार व्हिसा केंद्रातच उरकले. कतारमध्ये २०२० पासून नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाची एनओसी (ना हरकत पत्र) लागत नाही, त्यामुळे दीड वर्षाने एक महिन्याची नोटीस देऊन मी दुसऱ्या हॉटेलात गेले. जुन्या व्यवस्थापकाने अबोला धरला, पण त्याला अडवता आले नाही.

पुण्याहून दुबईला, व्हिजिट व्हिसावर

देरा आणि करामा भागात बायोडेटा घेऊन मी चाळीसेक ठिकाणी फिरलो. एका ठिकाणी "आठवडाभर काम करून दाखव, मग व्हिसा लावू" म्हणाले. सहा दिवस मी फुकट भांडी घासली आणि सातव्या दिवशी माझ्या जागी दुसरा मुलगा उभा होता. तक्रार करायची सोय नव्हती, कारण व्हिजिट व्हिसावर काम करणेच बेकायदेशीर आहे. २०२४ पासून अशा मालकाला किमान १ लाख दिरहम दंड होऊ शकतो, त्यामुळे हल्ली बरी हॉटेले असल्या ट्रायलला कोणाला उभे करत नाहीत. जी करतात, ती का करतात हे भाच्याने ओळखावे.

एक छोटी पुरवणी

भाचा दहावी उत्तीर्ण असेल आणि तरीही पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी तपासणी आवश्यक, असा शेरा) लिहिलेले असेल, तर निघण्यापूर्वी ते बदलून घ्यावे. नाहीतर आखातातील नोकरीसाठी त्याला उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागेल.

सोलापूरहून मस्कतला, तंदूरवर

मूळ धाग्यातील सफाई कामगाराचा पेशा वाचून हसू आले, कारण माझ्या कागदांवर सहा वर्षे 'गवंडी' लिहिलेले आहे. तंदूरवर माझ्या उजव्या हाताला कोपरापर्यंत केस उरलेले नाहीत आणि नान लावायची गादी मी स्वतः शिवतो. नगरपालिकेचा निरीक्षक आला की कॅशियर काउंटरवरची घंटी दोनदा वाजवतो. मग मी एप्रन काढून मागच्या शीतगृहात पनीरच्या खोक्यांमागे जाऊन उभा राहतो. तंदूरच्या धगीतून थेट तिथे गेल्यावर पहिली दोन मिनिटे फार बरे वाटते. मागच्या महिन्यात निरीक्षक जेवायला बसला आणि त्याने नानच मागवली.