भाचीच्या मेसेजमधले 🥀💔, 👉👈🥺, 💀😭 म्हणजे नक्की काय?

निळी_शाई

नमस्कार मंडळी, इमोजीतलं ज्यांना कळतं त्यांनी जरा मदत करा. माझी भाची सतरा वर्षांची आहे, आमचं दोघींचं छान जमतं, रोज काही ना काही मेसेज असतोच. पण हल्ली तिचे मेसेज म्हणजे निम्मे शब्द आणि निम्मे इमोजी, आणि एकेकटा इमोजी असला तर अर्थ लागतो पण दोन-तीन एकत्र आले की सगळं डोक्यावरून जातं.

परवा मी कळवलं की या रविवारी यायला जमणार नाही, तर उत्तर आलं "मावशी 🥀💔". वाचून काळजात धस्स झालं, इतकं वाईट वाटलं का पोरीला? लगेच फोन केला तर ही मजेत! मग एकदा "एक विचारू का 👉👈🥺", एकदा मी काहीतरी गमतीचं पाठवलं त्यावर "मेले 💀😭", एकदा सर वर्गात अचानक आले त्याबद्दल सांगताना नुसतं "मी 🧍‍♀️", आणि कधीकधी शब्दच नाहीत, फक्त 👁️👄👁️. अजून एक म्हणजे 😮💨, आश्चर्याचा चेहरा आणि पुढे वाऱ्याचा झोत, हे तर काहीच कळलं नाही.

मला तिच्या भाषेत बोलायचं वगैरे नाहीये. मस्करी कुठली आणि खरंच मन दुखावलंय ते कुठलं, एवढं ओळखता आलं पाहिजे. ते कसं ओळखायचं?

अर्धीझोप

ताई, मी तुमच्या भाचीपेक्षा दोनच वर्षांनी मोठी आहे त्यामुळे सांगू शकते 🙂 (हा हसरा चेहरा मी खरंच हसून टाकलाय, हे मुद्दाम सांगावं लागतं कारण आमच्यात नुसता 🙂 म्हणजे बऱ्याचदा "राग आलाय पण बोलत नाही" असा असतो.)

आधी 🥀💔 चं टेन्शन सोडा. ही जोडी २०२५ च्या सुरुवातीला टिकटॉकवर जोरात पसरली आणि ती बहुतेक वेळा मस्करीतच असते. अगदी बारीकशा गोष्टीवर मुद्दाम मोठ्ठं दुःख दाखवायचं. चार्जर विसरला 🥀💔, पेन ऐन पेपरात संपलं 🥀💔, असं. तुम्ही येणार नाही म्हटल्यावर तिला थोडं वाईट वाटलंच असेल हो, पण ती रुसलेली नाही. रुसली असती तर एवढी सजावट केली नसती.

💀😭 म्हणजे हसून हसून मेले. 😂 आम्ही फारसा वापरत नाही, २०१५ मध्ये तर ऑक्सफर्ड डिक्शनरीने त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं होतं पण आता तो आईबाबांच्या ग्रुपवरचा इमोजी वाटतो, त्याची जागा कवटीने आणि रडक्या चेहऱ्याने घेतली. खरी गोची आहे ती 😭 ची कारण तो एकटा तीन कामं करतो. कवटीबरोबर आला की हसू. ❤️ किंवा 🫶 बरोबर आला की प्रेमाने भरून आलंय, "तुम्ही माझ्यासाठी हे आणलंत 😭🫶" असं. आणि एकटाच आला, तोही कुठल्या वाईट बातमीच्या मागे, तर ते खरं रडू असू शकतं. त्यामुळे 😭 दिसला की त्याच्या शेजारी कोण बसलंय ते आधी बघायचं. मस्करीत तो पाच-सहा वेळा ओळीने येतो, जितके जास्त तितकं हसू जास्त.

👉👈 म्हणजे दोन बोटं एकमेकांना टेकवणं, जपानी कार्टूनमधली लाजरी मुलं करतात ना तसं. त्याला 🥺 जोडलं की "मागायचंय पण धीर होत नाही, नाही म्हणालात तरी चालेल". तिने तुमच्याकडे असं काही मागितलं तर समजा लाडात आली आहे.

👁️👄👁️ मध्ये तीन इमोजी मिळून एक चेहरा होतो, नुसता बघत राहिलेला. ऐकलं ते इतकं अचाट की बोलायला काही उरलंच नाही. २०२० मध्ये हे सगळीकडे होतं. आणि 🧍‍♀️ म्हणजे अवघडून तशीच उभी राहिले, हात कुठे ठेवू तेही कळेना. सर अचानक आल्यावर दुसरं काय करणार ती!

बाकीचे पटापट: 🧢 म्हणजे खोटं बोलतोयस, 🐐 म्हणजे त्या गोष्टीतला सगळ्यात भारी माणूस, 🍵 म्हणजे गॉसिप आहे ये लवकर, 🚩 म्हणजे या माणसापासून जपून, वाक्याच्या शेवटी 💅 म्हणजे मला काडीचा फरक पडत नाही. "मी 🤝 शेवटच्या रात्री अभ्यास" म्हणजे आमची दोघांची जुनी दोस्ती. आणि ✨असं चांदण्यांत✨ एखादा शब्द लिहिला की त्यावर जोर, पण तो जोर कौतुकाचा की टोमण्याचा हे बोलणाऱ्यावर आहे.

एक मात्र आवर्जून सांगते, तिने चार ओळी लिहिल्या आणि तुम्ही नुसता 👍 दिला तर तो आम्हाला "बरं, पुरे" असा ऐकू येतो. तुमच्या मनात तसं नसतं हे माहितीये मला, पण लागतं.

कळफलक

😮💨 चं कोडं मी सोडवतो. ताई, तुमच्या भाचीने दोन इमोजी पाठवलेलेच नाहीत, एकच पाठवलाय. सुस्कारा सोडणारा चेहरा, 'हुश्श' किंवा 'दमले बाई' अशा अर्थाचा. युनिकोड म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरसाठी अक्षरं आणि इमोजी ठरवणारं मानक, त्याच्या २०२० च्या इमोजी यादीत तो आला पण त्याला स्वतःचा वेगळा नंबर दिलेला नाही, आधीचे दोन इमोजी घेऊन मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकलंय. नव्या फोनला ते चिन्ह कळतं आणि तो एकच चेहरा दाखवतो, जुन्या सिस्टिमला कळत नाही म्हणून ती दोन तुकडे समोर ठेवते. पेटतं हृदयही असंच, जुन्या फोनवर हृदय वेगळं आणि आग वेगळी. देवनागरी टाइप करणाऱ्यांना हे जोडचिन्ह ओळखीचं असेल, क्ष न होऊ देता क्‍ष असा अर्धा क मोकळा ठेवायला आपण तेच वापरतो. फोनचं अपडेट आलं असेल तर करून घ्या, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

अजून एक, युनिकोड फक्त नंबर आणि नाव ठरवतं, चित्र प्रत्येक कंपनी आपापलं काढते. पिस्तुलाचंच बघा, ॲपलने २०१६ मध्ये त्याची पाण्याची पिचकारी केली आणि बाकीच्या बहुतेक मोठ्या कंपन्यांनी २०१८ मध्ये, म्हणजे मधली दोन वर्षं एकाने गमतीत पिचकारी पाठवली तर दुसऱ्याला बंदूक दिसायची. त्यामुळे तिच्या स्क्रीनवर काय दिसतंय ते एकदा तिच्याच फोनमध्ये बघा.

आणि 👍 वरून आठवलं, २०२३ मध्ये कॅनडातल्या सॅस्कॅचेवान प्रांतातल्या कोर्टाने एका शेतकऱ्याचा मेसेजमधला 👍 हा कराराला दिलेला होकार धरला. जवसाचा सौदा होता, माल दिला नाही म्हणून ८२ हजार कॅनडियन डॉलरच्या वर भरपाई लागली. तो म्हणत होता की अंगठा फक्त 'मेसेज मिळाला' म्हणून दिला. न्यायाधीशांनी त्या दोघांचे आधीचे मेसेज बघितले, आधीच्या सौद्यांना तो 'ओके', 'हो' असंच एका शब्दात उत्तर द्यायचा आणि माल पोचवायचा, म्हणून अंगठाही होकारच धरला.

सावलीतलं_झाड

मी शाळेतल्या मुलांबरोबर काम करते म्हणून थोडं गंभीर लिहिते. काही इमोजी सांकेतिकही असतात हे खरं आहे, अमेरिकेच्या डीईएने (तिथली अमली पदार्थविरोधी सरकारी यंत्रणा) २०२१ मध्ये पालकांसाठी यादीच काढली होती, त्यात ❄️ म्हणजे कोकेन, 🔌 म्हणजे माल पुरवणारा, असं बरंच काही होतं. 🍆🍑 चा लैंगिक अर्थ तर आता बहुतेकांना माहितीच आहे. पण अशा याद्या हातात धरून मुलांचे मेसेज वाचायला बसू नका, कळकळीने सांगते. ❄️ दहातल्या नऊ जणी थंडीसाठीच टाकतात, आणि आपल्यावर संशय घेतला हे एकदा मुलीला कळलं की ती बोलायचीच बंद होते, मग ना इमोजी ना शब्द. पैसे, अनोळखी नावं, अवेळी बाहेर जाणं, वागण्यात अचानक बदल, हे सोबत दिसलं तर गोष्ट वेगळी. नुसत्या इमोजीवरून निष्कर्ष काढू नये.

दुखावलंय की नाही हे ओळखायचं तर तिची रोजची सवय बघा. नेहमी सहा इमोजी टाकणारी मुलगी नुसतं "ठीक आहे." लिहायला लागली, तेही पूर्णविराम देऊन, तर तिथे थांबायचं. "आज मेसेज कोरडे वाटले गं, काही झालंय का" एवढं शब्दांत विचारायचं आणि उत्तरासाठी घाई करायची नाही.

निळी_शाई

किती छान समजावलंत सगळ्यांनी! अपडेट केलं आणि खरंच तो सुस्कारा टाकणारा चेहरा दिसला. पूर्णविरामाची गोष्ट एकदम पटली, मागच्या महिन्यात मैत्रिणीशी बिनसलं होतं तेव्हा तिचे मेसेज अगदी तसेच होते. आता शेवटचं एक, मी "जेवून घे आणि वेळेवर झोप" लिहिलं की हल्ली 🫡 येतो. हे आज्ञा पाळणं की चिडवणं?

अर्धीझोप

दोन्ही, ताई 😭❤️ सलाम ठोकलाय म्हणजे "हो, करते". नुसता 🫡 आला तर बहुतेक करेल. 🫡💀 आला तर जेवेल पण झोपणार नाही, आणि पुढे 🗿 लावला असेल तर दोन्हीतलं काहीच होणार नाहीये.